एकूण वजन पासिंगच्या आत, तरी घोड्याचा मागचा एक्सल ओव्हरलोड कसा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. फोर बाय टू घोडा (ट्रेलर ओढणारी पुढची गाडी; दोन एक्सल, त्यातला मागचा इंजिनाने फिरणारा, तोच ड्राइव्ह एक्सल), मागे तीन एक्सलचा चाळीस फुटी उघडा ट्रेलर, पासिंग (भरलेल्या गाडीचं मंजूर एकूण वजन) ४५.५ टन. कळंबोलीहून तीन स्टील कॉइल (पत्र्याच्या गुंडाळ्या) भरल्या: १२, ९ आणि ७ टनांच्या. सगळ्यात जड कॉइल पुढे, हलकी मागे. काट्यावर एकूण वजन ४२.२ टन आलं, म्हणजे पासिंगपेक्षा तीन टनांहून जास्त मोकळीक. पण एक्सलवार वजन केलं तेव्हा पावतीवर पुढचा एक्सल ६.१, घोड्याचा मागचा १४.५ आणि ट्रेलरची बोगी (मागच्या तीन एक्सलचा संच) २१.६ टन. काटा चुकतोय का, आणि गाडी भरण्याआधीच हे कागदावर काढता येतं का, असं विचारलं आहे.

काटा बरोबर आहे, आणि कागदावर नक्की काढता येतं. दहावीपर्यंतचं तरफेचं गणित पुरतं. अडचण गणितात नसते, त्यात घालायच्या आकड्यांत असते. म्हणून दोन्हींबद्दल लिहितो.

आधी ४५.५ हा आकडा येतो कुठून ते पाहू. केंद्र सरकारने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५८ खाली १६ जुलै २०१८ रोजी एक्सलच्या मर्यादा वाढवल्या. चार टायरच्या एकेरी एक्सलला पूर्वी १०.२ टन होते, ते ११.५ झाले. जोड एक्सलला १९ चे २१, आणि तीन एक्सलच्या बोगीला २४ चे २७. तुमच्या घोड्याचा पुढचा एक्सल कंपनीच्या प्लेटवर ७ टनांचा आहे. ७ अधिक ११.५ अधिक २७, झाले ४५.५. म्हणजे हा एकच आकडा नाही, तीन स्वतंत्र मर्यादांची ती बेरीज आहे, आणि बोगीवर उरलेली जागा घोड्याच्या एक्सलला वापरता येत नाही. बरेचदा काट्यावर नुसत्या एकूण वजनाचीच पावती करतात, त्यामुळे ही गोष्ट वर्षानुवर्षं लपून राहते. बोगीचे २७ टनही बाहेरच्या दोन एक्सलमधलं अंतर ३ मीटरपेक्षा कमी असेल त्या बोगीसाठीच आहेत. तुमची बोगी १.३ मीटरच्या अंतराने आहे, म्हणजे २.६ मीटर. तिथे काही प्रश्न नाही.

कायद्याने ११.५ दिले म्हणून गाडी ११.५ पेलेलच असं नाही, हेही इथेच सांगून टाकतो. टायरच्या बाजूवर १४६/१४३ असा आकडा कोरलेला असेल तर त्याचा अर्थ टायर एकेरी लावला तर ३००० किलो, जोडीने लावला तर २७२५ किलो. चार टायरचे झाले १०.९ टन. त्या टायरवर तुमची खरी मर्यादा १०.९, मग आरसीवर काहीही असो. १४९/१४६ चा टायर असेल तर जोडीने ३००० किलो, चारांचे १२ टन, आणि तिथे ११.५ आरामात बसतात. कायदा, कंपनीची प्लेट आणि टायर या तिघांत जो आकडा सगळ्यात लहान तो धरायचा. खालचं गणित मी ११.५ धरून केलंय. टायर हलके असतील तर तेवढा आकडा बदला.

आता गणित. ट्रेलर दोनच ठिकाणी टेकतो: पुढे किंगपिनवर (ट्रेलरच्या पुढच्या भागाखालचा, घोड्यात अडकणारा खुंटा) आणि मागे बोगीच्या मधोमध. बांबूला ओझं लटकवून दोघांनी खांद्यावर घेतलं, तर ओझं ज्याच्या जवळ त्याच्यावर जास्त. इथेही तेच. किंगपिनपासून बोगीच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. तुमच्यासारख्या ट्रेलरवर ते साधारण ८ मीटर असतं. कॉइलचा मध्य किंगपिनपासून जितका मागे, ते अंतर कॉइलच्या वजनाने गुणा आणि ८ ने भागा. येईल तो बोगीवरचा भार. उरलेला किंगपिनवर.

मात्र किंगपिनवरचा भार म्हणजे ड्राइव्ह एक्सलवरचा भार नव्हे. घोडा ही दुसरी तरफ आहे. फिफ्थ व्हील, म्हणजे किंगपिन जिच्यात अडकतो ती घोड्यावरची तबकडी, ड्राइव्ह एक्सलच्या बरोबर डोक्यावर नसतं, थोडं पुढे असतं. ते जितकं पुढे, तितका किंगपिनच्या भाराचा वाटा पुढच्या एक्सलकडे जातो. घोड्याचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या एक्सलमधलं अंतर) ३.६ मीटर आणि फिफ्थ व्हील ड्राइव्ह एक्सलच्या ४५ सेंटिमीटर पुढे धरलं, तर पुढच्या एक्सलला ०.४५ भागिले ३.६, म्हणजे साडेबारा टक्के, आणि ड्राइव्हला साडेसत्त्याऐंशी टक्के. नेहमी आधी ट्रेलरचं गणित सोडवायचं, मग घोड्याचं. उलट दिशेने गेलं की लोक गोंधळतात.

रिकाम्या गाडीचे आकडे असे घेतो. एकटा घोडा, डिझेल, ड्रायव्हर आणि क्लीनरसकट: पुढे ४.४, मागे २.३ टन. रिकामा ट्रेलर ७.५ टन, त्यातले ५.३ बोगीवर आणि २.२ किंगपिनवर. एकूण रिकामी गाडी १४.२ टन.

तुमच्या कॉइल ज्या पद्धतीने ठेवल्यात त्यावरून किंगपिनपासून अंतरं अंदाजे ३, ५ आणि ७ मीटर धरली. १२ गुणिले ३ म्हणजे ३६, ९ गुणिले ५ म्हणजे ४५, ७ गुणिले ७ म्हणजे ४९. बेरीज १३० टनमीटर. भागिले ८, म्हणजे मालाचे १६.२५ टन बोगीवर आणि २८ मधले उरलेले ११.७५ किंगपिनवर. ट्रेलरचं स्वतःचं वजन मिळवलं की बोगी २१.५५, किंगपिन १३.९५. किंगपिनचे साडेसत्त्याऐंशी टक्के १२.२१, त्यात घोड्याचे २.३, ड्राइव्ह एक्सल १४.५१ टन. पुढे ४.४ अधिक १.७४, म्हणजे ६.१४. तुमच्या पावतीशी पडताळून पाहा.

ड्राइव्ह एक्सल तीन टनांनी वर, बोगीवर जवळपास साडेपाच टन जागा रिकामी. "जड माल पुढे ठेव, घोड्यावर वजन असलं की चढाला चाक जागच्या जागी फिरत नाही" ही आपल्याकडची ठरलेली समजूत. कसारा घाटात पावसाळ्यात रिकामा ट्रेलर चढवलेल्या माणसाला ती खोटी म्हणता येणार नाही. पण ती हलक्या मालाची समजूत आहे. अठ्ठावीस टन स्टीलला ती लावली की एक्सलचं हौसिंग (बाहेरचं कवच) आणि पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) त्याची किंमत मोजतात. रस्ताही मोजतोच. अमेरिकेत इलिनॉयमध्ये १९५८ ते १९६० दरम्यान झालेल्या मोठ्या रस्ता-चाचणीतून निघालेला ढोबळ नियम असा की रस्त्याचं नुकसान एक्सलच्या भाराच्या चौथ्या घाताने वाढतं. ११.५ च्या जागी १४.५ म्हणजे भार सव्वापट, पण नुकसान अडीचपट.

तर माल कुठे असायला हवा? इथे उलट बाजूने चला. ड्राइव्ह एक्सलला ११.५, त्यातून घोड्याचे २.३ वजा, उरले ९.२. भागिले ०.८७५, म्हणजे किंगपिनवर जास्तीत जास्त १०.५. त्यातून ट्रेलरचे २.२ गेले, मालाला उरले ८.३ टन. बोगीवर २७ वजा ५.३, म्हणजे मालाचे जास्तीत जास्त २१.७. तुमच्या २८ टनांसाठी बोगीवर कमीत कमी १९.७ आणि जास्तीत जास्त २१.७ यायला हवेत. अंतरात सांगायचं तर सगळ्या मालाचा मिळून गुरुत्वमध्य किंगपिनच्या मागे ५.६३ ते ६.२ मीटर यांच्या मध्ये. बारा मीटरच्या प्लॅटफॉर्मवर तुम्हाला फक्त ५७ सेंटिमीटरची पट्टी मिळते. तुमचा मध्य १३० भागिले २८, म्हणजे ४.६४ वर होता.

नुसती अदलाबदल करून भागेल का? हलकी पुढे, जड मागे, जागा त्याच. २१ अधिक ४५ अधिक ८४, म्हणजे १५०. मध्य ५.३६ वर येतो, ड्राइव्हवर १२.३ टन. सुधारलं, पण अजूनही आठशे किलो जास्त. त्यापेक्षा क्रम आहे तोच ठेवून तिन्ही कॉइल सव्वा मीटर मागे घ्या: ४.२५, ६.२५ आणि ८.२५. बेरीज १६५, बोगी २५.९, ड्राइव्ह १०.७, पुढचा ५.६. तिन्ही आत, आणि १०.९ चे टायर असले तरी चालतंय. कॉइलसाठी ट्रेलरमध्ये ठरलेले खड्डे असतील तर मात्र सव्वा मीटर सरकवायचं स्वातंत्र्य नाही. तेव्हा कोणती कॉइल कोणत्या खड्ड्यात, एवढंच हातात असतं, आणि तीन खड्ड्यांचे सहा क्रम कागदावर लिहून पाहायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

या पट्टीच्या गणितातून आणखी एक गोष्ट दिसते, ती ट्रान्सपोर्टवाल्यांना आवडत नाही. ८.३ अधिक २१.७ म्हणजे ३० टन. पासिंग ४५.५ मधून रिकामी गाडी १४.२ वजा केली तर माल ३१.३ टन बसायला हवा, आणि भाडं त्याच हिशोबाने ठरतं. पण या मापाच्या गाडीवर माल कुठेही ठेवा, ३० च्या वर कायदेशीर बसतच नाही. पुढचा एक्सल ५.७ वर थांबतो आणि त्याची १.३ टन जागा वापरलीच जात नाही.

ती जागा मिळवायचा मार्ग म्हणजे फिफ्थ व्हील पुढे घेणं. ४५ चं ६० सेंटिमीटर केलं तर पुढच्या एक्सलचा वाटा साडेसोळा टक्क्यांच्या वर जातो आणि क्षमता ३०.५ होते. पंधरा सेंटिमीटरला अर्धा टन, सौदा वाईट नाही. पण आधी वळणावरची जागा मोजा. किंगपिन प्लॅटफॉर्मच्या पुढच्या कडेपासून एक मीटर मागे आणि रुंदी अडीच मीटर असेल, तर किंगपिनपासून पुढच्या कोपऱ्यापर्यंत तिरकं अंतर १.६ मीटर भरतं. फिफ्थ व्हीलपासून केबिनच्या पाठीपर्यंत त्याहून बऱ्यापैकी जास्त जागा नसेल तर पहिल्याच तीव्र वळणावर कोपरा केबिनला लागेल. आणि चेसिसला नवीन भोकं पाडायचा उद्योग कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय करू नका. उलटं, फिफ्थ व्हील एक्सलच्या मागे बसवलेले घोडेही मी पाहिलेत. तिथे जितकं भराल तितकं पुढचं चाक हलकं होतं आणि स्टिअरिंग हातात तरंगायला लागतं. असा घोडा दिसला तर लोड करण्याआधी दुरुस्त करून घ्या.

आता खरे आकडे कसे मिळवायचे ते. माहितीपत्रकातलं रिकामं वजन वापरू नका. त्यात ना डिझेल, ना ड्रायव्हर, ना स्टेपनी, ना साखळ्या, ताडपत्री, लाकडी ठोकळे. पूर्ण टाकी साडेतीनशे लिटरची असेल तर तेवढंच डिझेल तीनशे किलोच्या घरात जातं. वजनकाट्यावर न्या आणि टप्प्याटप्प्याने करा. आधी एकटा घोडा: फक्त पुढची चाकं, मग पूर्ण घोडा. मग रिकामा ट्रेलर जोडून: फक्त पुढची चाकं, मग पूर्ण घोडा, मग सगळी गाडी. शेवटी फक्त बोगी काट्यावर ठेवून पडताळा घ्या. बेरीज जुळली नाही तर काट्याच्या दोन्ही बाजूंचा रस्ता पाहा. काट्यावर नसलेली चाकं चार-पाच सेंटिमीटर वर किंवा खाली असली तरी भार इकडचा तिकडे होतो. मोजताना गाडी न्यूट्रलमध्ये आणि ब्रेक सोडलेले हवेत. ब्रेक आवळून थांबलं की पाट्यांमध्ये ताण अडकून राहतो आणि तीन एक्सलची बोगी खोटं बोलते.

घोडा एकटा असताना आणि ट्रेलर जोडल्यावर घोड्याच्या वजनात जो फरक पडतो तो म्हणजे रिकाम्या ट्रेलरचा किंगपिनवरचा भार. त्यातला पुढच्या एक्सलवर वाढलेला भाग त्या भाराने भागून व्हीलबेसने गुणला की फिफ्थ व्हील किती पुढे आहे ते मिळतं. गाडीखाली टेप धरून ओणवं व्हायची गरज नाही. फक्त हे रिकाम्या गाडीवर करू नका. पुढचा एक्सल तेव्हा पावणेतीनशे किलोनेच वाढतो, आणि काटा वीस किलोच्या टप्प्याने दाखवत असेल तर तीन सेंटिमीटरची चूक तिथेच बसते. भरलेल्या गाडीवर तोच फरक बाराशे किलोच्या पुढे असतो, आकडा भरवशाचा येतो.

हीच युक्ती मालासाठीही चालते. यंत्र किंवा फॅब्रिकेशनचा सांगाडा असेल आणि गुरुत्वमध्य कोणी सांगू शकत नसेल, तर एकदा कशीही पण सुरक्षित बांधून गाडी यार्डातल्या काट्यावर घ्या. भरलेली बोगी वजा रिकामी बोगी, भागिले मालाचं वजन, गुणिले ८. तुमच्याच पावतीवर लावून पाहा: २१.६ वजा ५.३ म्हणजे १६.३, भागिले २८, गुणिले ८, साधारण ४.६६. वर हिशोबाने ४.६४ आलं होतं.

कंटेनरचं कोणी विचारलं नाही, पण न्हावा-शेव्याच्या गाड्या चालवत असाल तर उद्या विचारालच. आंतरराष्ट्रीय नियमाने १ जुलै २०१६ पासून निर्यातीचा कंटेनर जहाजावर चढण्याआधी त्याचं तपासलेलं एकूण वजन द्यावंच लागतं. पण त्या कागदावर वजन असतं, आत माल कुठे रचलाय ते नसतं. २८ टनांचा वीस फुटी कंटेनर या चाळीस फुटी ट्रेलरवर एकटा न्यायचा आहे असं धरा. अगदी पुढे ठेवला तर त्याचा मध्य किंगपिनपासून दोन मीटरवर, म्हणजे २१ टन किंगपिनवर. तो विचारही नको. अगदी मागे ठेवला तर मध्य बोगीच्याही मागे, बोगीवर जवळपास ३४ टन, आणि किंगपिनवर दोन टनही नाहीत. ड्राइव्हची चाकं ओल्या चढावर नुसती फिरतील. बरोबर मध्ये ठेवला तर मध्य ५.१ वर, ड्राइव्हवर १३.१ टन. तिन्ही जागा नापास. हवा तो मधल्या जागेच्या पाऊण मीटर मागे, आणि तिथे ट्विस्ट लॉक (कंटेनरचे कोपरे अडकवायची कुलुपं) नसतील तर तो कंटेनर त्या ट्रेलरवर घ्यायचाच नाही. मधल्या लॉकवर या ट्रेलरला साधारण २३ टनांपर्यंतचाच कंटेनर चालतो. खास कंटेनरसाठी बनवलेल्या सांगाडा ट्रेलरचं माप वेगळं असतं, त्याचे आकडे त्याच्यावरच मोजा.

दोन-तीन ठिकाणी माल उतरवायचा असेल तर प्रत्येक उतरवणीनंतरचं गणित निघण्याआधीच करा. साधारणपणे मागचा माल आधी उतरतो आणि पुढचा राहतो. एकूण वजन घटलं म्हणून ड्रायव्हर निश्चिंत असतो, पण ड्राइव्हवरचा भार तेवढा घटत नाही, कधी वाढतोही. वरच्या सुधारलेल्या मांडणीत ७ टनांची कॉइल ८.२५ मीटरवर, म्हणजे बोगीच्या मध्याच्याही मागे आहे. ती किंगपिनला किंचित उचलत होती. ती उतरली की ड्राइव्हवर दोनशे किलो वाढतात. इथे ११.५ च्या आत राहतंय, पण मोकळीक इतकी नसती तर पहिल्या ग्राहकाच्या दारातून गाडी कायद्याने ओव्हरलोड होऊन निघाली असती.

बोगीच्या आत तीन एक्सलवर भार सारखा वाटला जातो हे गृहीत आहे. पाट्यांमधले रॉकर (एका एक्सलचा भार शेजारच्यावर वाटणारे हलते दांडे) मोकळे हलत असतील तोवर ते खरं. गंजून अडकले, किंवा एका एक्सलचे पाटे नवे आणि बाकीचे बसलेले, तर २७ चे नऊ-नऊ-नऊ राहत नाहीत. एकाच एक्सलचे टायर सारखे जात असतील तर गणित बाजूला ठेवा आणि आधी रॉकरला ग्रीस द्या.

दंडाचं म्हणाल तर सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर कलम १९४ मध्ये जादा भाराला वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार, शिवाय जादा माल उतरवायचा खर्च आहे. कॉइल रस्त्यात उतरवायची म्हणजे क्रेन, तिचं भाडं आणि दिवसभराचा खोळंबा. दंडापेक्षा तेच महाग पडतं.

तुमच्या गाडीसाठी एक तक्ता करून लोडिंग सुपरवायझरकडे द्या: डाव्या बाजूला मालाचं वजन, उजवीकडे किंगपिनपासूनची कमाल-किमान अंतरं. २० टनांना किमान ४.७ मीटर. २५ ला ५.३ ते ६.९. २८ ला ५.६३ ते ६.२. ३० ला ५.८ वर एकच जागा, पट्टी नाहीच. मग ट्रेलरच्या बाजूच्या चॅनेलवर किंगपिनपासून दर अर्ध्या मीटरला पांढऱ्या रंगाची रेघ मारून घ्या, म्हणजे क्रेनवाल्याला आकडा ओरडून सांगता येईल. टायर किंवा पाटे बदलले, किंवा घोडा दुसरा जोडला, की तक्ता नव्याने करायचा, कारण घोड्याचे आकडे बदलले की किंगपिनवर मालाला उरणारे ८.३ टन बदलतात आणि त्यावरच बाकी सगळं उभं आहे.